पुकारा

आता म्हणे समन्स मोबाईलवर येतं. बोट लावलं की पोचलं. पोचू दे बापडं! मी दौंडच्या दिवाणी कोर्टात बेलीफ होतो. आमच्या वेळी समन्स पोचवायचं म्हणजे आधी अंगावर कुत्री, मग "मालक घरी न्हाईत" म्हणून सांगायला पुढं केलेली बायको, आणि शेवटी, शिव्या घालूनच का होईना, चहा. त्या चहाची फार आठवण येते हो.

माझ्या पिशवीत दिवाणी कायद्याचं मराठी पुस्तक असायचं. पुठ्ठा निघालेला, बायकोनं सुईदोऱ्यानं शिवून दिलेला. "काय साहेब, आज कुठलं कलम?" म्हणून वकील चेष्टा करायचे. करेनात का! लोकांना कागद द्यायचा तर तो कशाचा, हे सांगता आलं पाहिजे की नको?

एकदा कासुर्डीकडच्या एका वस्तीवर समन्स घेऊन गेलो. तिथं एक म्हातारी एकटीच राहायची. नवऱ्यानं मरायच्या आधी राहतं घर तिच्या नावावर केलेलं, आणि आता ते आमचंच म्हणून पुतण्यानं दावा लावलेला. घर दाखवायलाही तोच माझ्याबरोबर आला. लांबूनच "ही काय बसलीय" म्हणून बोट केलं आणि बाभळीखाली जाऊन उभा राहिला.

मला बघून म्हातारीनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"मी कागदाला हात लावायची न्हाई. हात लावला तर केस लागंल."

ह्याच समजुतीपायी आमच्याकडं कितीतरी माणसं घरंदारं घालवून बसलीत. माझं डोकंच फिरलं. नकार दिला असं लिहून कागद दारावर डकवला असता, तरी माझं काम झालं असतं. पुतण्या त्याचीच वाट बघत होता. पण मी ओट्यावर फतकल मारली, पुस्तक उघडलं आणि तिला वाचून दाखवलं.

"आजी, न्हाई घेतलं तरी ते तुम्हाला मिळालं असंच धरत्यात. तारखेला तुम्ही आला न्हाई तर कोर्ट एकट्या पुतण्याचं ऐकणार. घर जाईल हातचं."

"माझं ऐकल्याबिगर?"

"तुम्ही न्हाई आला तर तुमचं सांगणार कोण?"

तिनं बाभळीकडं एकदा बघितलं. मग म्हणाली, "आण, कुठं अंगठा करायचा?" आणि चुलीवर गुळाचा चहा ठेवला.

तारखेला ती सकाळीच येऊन व्हरांड्यात बसली, फडक्यात भाकरी बांधून. बघून बरं वाटलं. मी आत माझ्या कामाला लागलो. थोड्या वेळानं शिपायानं पुकारा केला, तिचं पूर्ण नाव घेऊन. कोणी उठलं नाही. दुसऱ्यांदा केला. मी डोकावलो, तर म्हातारी भिंतीला टेकून निवांत! तिसराही झाला. आत पुतण्या गालातल्या गालात हसत होता. जज्जसाहेब आता गैरहजर लिहिणार, म्हणजे दावा एकतर्फी चालणार.

धावत गेलो. "अहो आजी, पुकारा ऐकू आला न्हाई व्हय?"

"आला की! कोण बया हाय कुणास ठावं. एवढ्या हाका मारत्यात, आन् ओ देईना मेली."

"आजी, ती तुम्हीच!"

थोरली सून म्हणून त्या घरात आली, तेव्हापासून ती थोरलीच. नवरा "अगं" म्हणायचा, पोरंठोरं "थोरली आई". स्वतःच्या नावानं तिला शेवटची हाक तिच्या आईनं मारली असेल. पुस्तक मी कितीदा वाचलं होतं, पण हे त्यात कुठंच नव्हतं.

माझ्या दंडाला धरून ती उठली आणि दारातूनच ओरडली, "आले वो आले! मीच हाय ती!" सगळं कोर्ट हसलं. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी तिचं ऐकून घेतलं, सरकारी खर्चानं वकील दिला. दावा रेंगाळला बराच, पण घर तिचं राहिलं.

पुढं त्या बाजूला गेलो की तिच्याकडं चहा ठरलेला. पण "आजी" म्हणून हाक मारली की दार उघडायची नाही. आतून म्हणायची, "कोर्टात मारली तशी मार की रं."

मग मी अंगणात ताठ उभा राहून तिचं पूर्ण नाव घेऊन पुकारा करायचो. पहिल्याच हाकेला आतून ओ यायची.