टाकीतल्या जिवांना पुन्हा भूक लागली तेव्हा

आमची टाकी सांभाळणारी वासीती रोज सकाळी तिच्या झाकणाला कान लावते. आमच्या एकवीस घरांचं संडास-मोरीचं पाणी समाजघरामागे पुरलेल्या या बंद टाकीत येतं. आत हवा नाही. ज्यांना हवा सोसतच नाही असे बारीक जीव ती घाण खातात. त्यांच्या गॅसवर समाजघरात चहा होतो. पाणी चिनीमातीच्या नळ्यांतून, माठ पाझरावा तसं, बाहेर येतं. छिद्रं इतकी बारीक की जीव मात्र आतच राहतात.

कान लावून काय समजतं, असं मी विचारलं तर म्हणाली, "जेवणाऱ्याशेजारी बसलं की कळतं ना, भूक आहे की नुसता चिवडतोय?"

चर्चच्या बायकांचं संमेलन यंदा आमच्याकडे होतं. पाहुणे यायच्या आधी गाव घासून काढायचं ही आमची रीत, आणि त्यात वासीतीचा हात कोणी धरू शकत नाही. टाकी बसवून देणाऱ्या इंजिनिअर बाईंनी तिला शिकवलं होतं, की नळ्या तुंबल्या की बाहेर काढून ब्लीचच्या पाण्यात बुडवायच्या. नळ्यांना मानवतं ते टाकीलाही मानवेल, असं तिनं गृहीत धरलं आणि घरोघर ब्लीचची बाटली देऊन सगळी संडासात ओतायला लावली.

पाहुण्या खूश होऊन गेल्या. तिसऱ्या दिवशी गॅस विझला, वास सुटला. गावचे मुखिया इलाइतिया म्हणाले, पुढच्या शनिवारपर्यंत टाकी चालली नाही तर पाइप पूर्वीसारखा ओढ्याला जोडायचा. ओढा जातो खाडीच्या चिखलात. तिथल्या शिंपल्या टाकी बसल्यावर चार वर्षांनी यंदा कुठे खाण्याजोग्या झाल्या होत्या.

इंजिनिअर बाईंनी फोनवर सांगितलं, टाकी निम्मी उपसा आणि चालत्या टाकीतला गाळ आणून घाला. तशी टाकी जवळपास एकच, दाउनीवाई गावात. तिथले लोक आमचे ताउवू. दोन्ही गावांचा मूळ देव एक. ताउवूंनी एकमेकांना वाट्टेल ते बोलावं, हवं ते मागावं, कोणी रागवायचं नाही.

गाळ मागायला इलाइतिया काही जाईनात. मग वासीतीच, मागणं घालताना पुढे ठेवायची ती यांगोनाची मुळी घेऊन होडीत बसली. मीही गेले. तिनं मान खाली घालून रीतसर मागणं घातलं. तिकडची टाकी सांभाळणारी सेरुवाया पुढे सरकली.

"ताउवू, मुळी ठेवून लोक होडी मागतात, डुक्कर मागतात. तू आमचा गू मागायला आलीस?"

"तुमच्याकडे दुसरं मागण्यासारखं आहे काय?"

सगळी बैठक हसली. सेरुवायानं मात्र विचारलं, तुमच्या टाकीला झालं काय. गावात वासीती नळ्यांना दोष देत होती. इथे म्हणाली, "मीच मारले गं त्यांना. स्वच्छतेच्या नादात."

सेरुवायानं थट्टा तिथेच सोडली. डबे काठोकाठ भर, म्हणाली, वर हवा राहिली तर वाटेतच मरतील. स्वतः हात घालून बारा डबे भरून दिले.

निम्मी टाकी उपसून आम्ही तो गाळ आत ओतला. आठ दिवस वासीतीचा कान झाकणावरच. शनिवारी इलाइतिया पाइप उकरायला कुदळ घेऊन आले. समाजघरातल्या शेगडीपाशी तिनं काडी ओढली. नखाएवढी निळी ज्योत लागली, विझली, पुन्हा लागली.

"एवढ्यावर काय होणार?" ते म्हणाले.

तिनं किटली चढवली. कुदळ भिंतीला टेकवून तेही बसले. मधूनमधून उठून किटलीला बोट लावून बघत. पाणी उकळेपर्यंत दुपार टळली. तोवर ते तिथून गेले नाहीत.