मागच्या चाकाची हवा

विशेष मुलांच्या केंद्राची गाडी मामांनी हातात घेतली ती पन्नाशी उलटल्यावर. त्याआधी पंचवीस वर्षं त्यांनी सिमेंटचा ट्रक चालवला होता. "आता जरा हलकं ओझं वाहा," असं बायको म्हणाली, म्हणून ही बारा सीटांची गाडी. पहिल्या आठवड्यातच त्यांना कळून चुकलं की सिमेंट बरं होतं. ते निदान किंचाळत नव्हतं. पण माणूस हट्टी. कोणाचा पट्टा सैल लागतो, कोणाला खिडकी उघडी लागते, कोणाची व्हीलचेअर आधी चढवायची, हे सगळं त्यांनी पाठ केलं. यातलं कोणाला सांगितलं मात्र काहीच नाही. बोलायचं म्हटलं की मामांच्या जिवावरच यायचं.

गाडीत एक मुलगी होती, आता नऊ वर्षांची. बोलत नसे, कोणाच्या डोळ्याला डोळा देत नसे. मामा तिला राणीसरकार म्हणत. पहिलं वर्षभर ती घरापासून केंद्रापर्यंत ओरडतच यायची. मग एके दिवशी एका लॉन्ड्रीसमोर गाडीचं मागचं चाक बसलं. ते बदलून मामा आत डोकावतात तर काय, राणीसरकार चिडीचूप! दुकानाच्या काचेपलीकडे धुण्याच्या मोठ्या यंत्राचा ड्रम फिरत होता आणि तिचं बोट हवेत त्याच्याबरोबर फिरत होतं. त्या दिवशी ती केंद्रात शिरली ती न रडता.

दुसऱ्या दिवसापासून मामांनी लॉन्ड्रीची आडवाट धरली. मुलांच्या दारांखेरीज गाडी कुठेही थांबवायची नाही, असा केंद्राचा नियम. एकदा चहाला थांबले होते, तर लेखी ताकीद मिळाली होती. म्हणून ते रोज सव्वाआठला लॉन्ड्रीसमोर उतरायचे आणि मागच्या चाकाला लाथा मारत तीन मिनिटं हवा तपासल्याचं सोंग करायचे. गाडीतल्या मदतनीस बाई तेवढ्यात एक डुलकी काढायच्या. लॉन्ड्रीवाला शहाणा, धुवायला कपडे नसले तर ड्रम रिकामाच फिरवायचा. "मामा, चाक अजून गोलच आहे बरं का!" असं दारातून ओरडायचा. हे नाटक चार वर्षं बिनबोभाट चाललं.

मग परदेशातून पाहुणी आली. समाजकार्य शिकणारी, बावीस-तेवीस वर्षांची. तीन महिने केंद्रात काम करायचं, मुलांसाठी एक तरी सुधारणा घडवायची आणि तिचा अहवाल कॉलेजला द्यायचा, असा तिचा अभ्यास. भाषा पुस्तकातून शिकलेली. "चालक महोदय, आपली प्रकृती कशी आहे?" असं तिने पहिल्याच सकाळी विचारलं, तेव्हा आपण आजारी दिसतोय की काय म्हणून मामांनी आरशात पाहिलं. पोरगी मात्र गुणाची होती. पाठीला कडक पट्टा बांधलेला एक मुलगा पन्नास मिनिटं बसून बसून रडकुंडीला येतो, हे तिला दिसलं. तिने आठवडाभर घड्याळ लावून प्रवास मोजला, लॉन्ड्रीसमोरची तीन मिनिटं 'चाकाची हवा' म्हणून लिहून घेतली आणि नकाशावर सरळ रस्ता आखला. अकरा मिनिटं वाचत होती. केंद्र चालवणाऱ्या मोठ्या बाई खूश झाल्या.

"मामा, तुम्हाला काही अडचण?" त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं.

"नाही," मामा म्हणाले. खरं बोलावं तर चार वर्षांची लबाडी उघडी पडणार होती.

नवा रस्ता सुरू झाला. पहिल्या दिवशी राणीसरकारने स्वतःचा हात चावला. तिसऱ्या दिवशी मदतनीस बाईंचा. सातव्या दिवशी, शुक्रवारी, तिने वर्गात खुर्ची भिरकावली आणि एका लहान मुलीच्या कपाळाला खोक पडली. दुसऱ्याला इजा करणाऱ्या मुलाला घरी बसवायचं, हाही नियमच. सोमवारच्या बैठकीत तो लागू होणार हे उघड होतं. राणीसरकारची आई शिवणाच्या कारखान्यात कामाला. व्हरांड्यात उभी राहून ती मोठ्या बाईंना विनवत होती, "घरी बसवलीत तर मला काम सोडावं लागेल हो. आणि तिथं तिला शिकवणार कोण?" मामा बाजूला गाडी पुसत होते. एकच काच त्यांनी चारदा पुसली.

घरी त्यांचं ताट तसंच राहिलं. बायकोने खोदून खोदून सगळं काढून घेतलं आणि मग कंबरेवर हात ठेवले.

"शाबास! लेकरू घरात कोंडलं जातंय आणि तुम्ही तोंडात मिठाची गुळणी धरून बसलाय. नोकरी जाईल म्हणून भिता? गेली तर गेली. मी आहे ना, जन्मभर टोमणे मारायला!"

सोमवारी मामांनी गाडी जुन्या वाटेला वळवली. मागे बसलेली पाहुणी दचकली.

"मामा, हा मार्ग चुकीचा आहे."

"तीन मिनिटं काही बोलू नका, ताई."

लॉन्ड्रीसमोर गाडी थांबली. हात चावत बसलेली राणीसरकार खिडकीशी सरकली. तिचं बोट वर गेलं आणि हळूहळू फिरायला लागलं. खांदे सैल पडले. पाहुणीने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा ड्रमकडे, आणि तिचे डोळे भरून आले.

"मी घड्याळाला विचारले," ती म्हणाली. "आपल्याला विचारले नाही."

"आणि मोठ्या बाईंनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो," मामा म्हणाले. "फिट्टंफाट!"

बैठकीत मामा उभे राहिले. "बाई, पोरीचा दोष नाही, माझा आहे. चार वर्षं मी नियम मोडला, तोवर ती शांत होती. पाळायला लागलो आणि..." त्यांनी लॉन्ड्रीचं सगळं सांगून टाकलं. मग पाहुणी उठली. आपल्या सुधारणेचं पान तिने सगळ्यांदेखत खोडलं आणि ही चूक आपण कॉलेजलाही कळवू, असं सांगितलं. गुण कमी मिळाले तर मिळोत. मग तिने नकाशावर दाखवलं, पट्टा बांधलेल्या मुलाचं घर तर लॉन्ड्रीच्या पुढेच होतं. त्याला शेवटी घेतलं तर त्याचं बसणंही अर्ध्यावर येत होतं. मामांनी कपाळावर हात मारला. इतकी वर्षं हे आपल्याला कसं सुचलं नाही!

"ताकीद द्यावीच लागेल मामा. दुसरी," मोठ्या बाई म्हणाल्या. मग त्यांनी गाडीचं वेळापत्रक ओढून घेतलं आणि त्यावर स्वतःच्या हाताने लिहिलं : सव्वाआठ, लॉन्ड्री, तीन मिनिटं. खुर्चीची गोष्ट तिथेच मिटली आणि राणीसरकार केंद्रातच राहिली.

दुसऱ्या दिवशी मामा सवयीने लॉन्ड्रीसमोर उतरले. चाकाला एक लाथ मारलीसुद्धा. लॉन्ड्रीवाला पोट धरून हसला तेव्हा त्यांना आठवलं की आता सोंगाची गरज नाही. ते परत आत आले आणि राणीसरकारच्या मागच्या सीटवर बसले. चार वर्षं चाकाकडे तोंड करून उभे राहिल्यामुळे त्यांनी तो ड्रम कधी नीट पाहिलाच नव्हता. आत एक लाल सदरा होता. तो वर जायचा, जरा रेंगाळायचा, धपकन खाली पडायचा आणि पुन्हा वर निघायचा. मामांचं बोट नकळत गुडघ्यावर फिरायला लागलं. तीन मिनिटं कधीच संपली होती. शेवटी मदतनीस बाईंनाच जागं होऊन त्यांना हाक मारावी लागली.