हमामाखालच्या मांजरवाटा

केरमानच्या बाजारातल्या जुन्या हमामात आता अंघोळीला कोणी येत नाही, जेवायला येतात. आजोबांनी जिथे पाठ चोळून घेतली तिथे नातू मांडी ठोकून रश्शात नान कुस्करतात. रांधणारी तूबाखानुम, वय चौसष्ट, तोंडानं फटकळ. तिच्या डिझीसाठी, म्हणजे मातीच्या मडक्यात पहाटेपासून रटरटणाऱ्या मटण-हरभऱ्यांसाठी, लोक ताटकळत उभे राहतात.

पण शेगड्यांच्या वाफेनं घुमटाचा चुना फुगला आणि भिंतीवरच्या रंगीत मोराचे पोपडे सुटायला लागले. जुन्या वास्तूंच्या कचेरीतून एक तरुण बाई आल्या, सगळे त्यांना खानुम मोहंदिस, म्हणजे इंजिनियर बाई, म्हणत. मोराकडे बघून त्यांनी सांगून टाकलं, शनिवारपासून इथे विस्तव पेटवायचा नाही.

"बाहेरून शिजवून आणू," मालक फरामर्झ म्हणाला. "तुम्ही फक्त गरम करा, तूबाखानुम."

"मग बाई पण बाहेरूनच आण. शिळं ऊन करून वाढायला मी जन्मले नाही!" तूबा कडाडली. "मागची पाणी तापवायची भट्टी उघडा, मी तिथे रांधते. तिचा धूर कधी आत आलाय का?"

खरंच होतं ते. भट्टीचा धूर फरशीखालच्या अरुंद बोळांतून फिरायचा, फरशी तापवायचा आणि छपरावरून निघून जायचा. त्या बोळांना गाव मांजरवाटा म्हणे. मोहंदिस बाईंना कल्पना पसंत पडली, पण चाळीस वर्षं बुजलेल्या वाटांचा नकाशा कुठेच नव्हता.

"आंधळेपणानं जाळ करू देणार नाही मी," त्या म्हणाल्या. "आत शिरलेलं माणूस आणा."

"हैदर भट्टीवाल्याचा पोरगा!" रोजचे गिऱ्हाईक हाजी नुसरत म्हणाले. "टोपीवाला, कोळशासारखा काळा. तोच काजळी काढायचा. शोधा त्याला."

फरामर्झनं तीन दिवस बाजार पालथा घातला. तूबा मात्र मडकी ढवळत राहिली. हैदरला मुलगा नव्हताच. पाच मुली, त्यांत सगळ्यात किडकिडीत तूबा. सातव्या वर्षापासून अकराव्यापर्यंत बापानं केस कापून, टोपी घालून तिला आत सोडलं होतं, तेही पुरुषांच्या हमामाखाली. बाहेर फुटलं असतं तर पाचांपैकी एकीचंही लग्न जमलं नसतं, म्हणून आईनं शपथ घातली. तूबाचा नवरा वारला, त्यालाही तिनं कधी सांगितलं नव्हतं. आता लोक काय म्हणतील याची तिला भीती वाटत होती, आणि या वयात भीती वाटते याचा तिला त्याहून जास्त संताप येत होता.

गुरुवारी दुपारी मोहंदिस बाई शेवटचं बघायला आल्या. जेवणघर भरलेलं होतं. तूबानं हाजींच्या पुढ्यातली मटण कुटायची मुसळी उचलली, मधोमध गुडघे टेकले आणि फरशी ठोकायला लागली. ठक. ठक. मग पोकळ आवाज आला.

"ही पहिली वाट. इथून डावीकडे, गरम हौदाखालून. तिसऱ्या वळणावर वीट बाहेर आलीय, तिथे माझा खांदा अडकला होता."

"तुमचा?" मोहंदिस बाईंनी विचारलं.

"माझाच. हैदरचा पोरगा मीच."

जेवणाऱ्यांचे हात थांबले. हाजी चाचरत म्हणाले, "त्या पोराला मी एकदा थोबाडीत मारली होती."

"उजव्या गालावर. म्हणून तर इतकी वर्षं तुमच्या मडक्यात हाडं जास्त पडतात."

आधी हाजीच हसले, मग सगळे. तूबा मात्र हसली नाही, पुढची फरशी ठोकायला लागली.

फरशी उचलली तेव्हा तिसऱ्या वळणावर ती वीट होतीच. वाटा साफ व्हायला तीन आठवडे लागले. भट्टी पेटली, धूर छपरावरून गेला, मोराला त्याचा वासही लागला नाही. फरशी मात्र पायाखाली ऊन झाली.

मोहंदिस बाईंनी नोंदवही उघडली. "वाटा कोणी दाखवल्या म्हणून लिहू?"

फरामर्झ हळूच म्हणाला, "हैदरच्या मुलानं, असं लिहा ना. कागद कायमचा राहतो, तूबाखानुमची अब्रू..."

"वही इकडे द्या," तूबा म्हणाली. मसाल्याचे हात पुसून तिनं मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं: हैदरची मुलगी, तूबा.