पार्बताबाईनं सोडलेलं वांगं

पार्बताबाईच्या हातचे रोडगे, विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे, खायला नांदगाव खंडेश्वरात पार अमरावतीहून माणसं येत. गोवऱ्यांच्या विस्तवाजवळ पदर खोचून ती उभी राहिली, की भल्याभल्या पुरुषांचे आवाज खाली येत. असा दरारा! रोडग्यांसोबत वांग्याची भाजी हवीच, आणि तीही तिच्याच हातची. पण चौदा वर्षांत या बाईनं वांग्याचा एक घास तोंडात घातला नव्हता.

लोक म्हणत, तिला वांगं बाधतं. खरं कारण तिला आणि देवाला ठाऊक. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. भावाच्या मुलाला, कुलदीपला, अमरावतीत खोली करून तिनंच रांधून-वाढून शिकवलं. पुढे तो ऑस्ट्रेलियाला गेला. आधी नोकरी, मग घर, मग लेक जुईली. आईवडलांनाही त्यानं तिकडेच नेलं. इकडे येणं राहूनच गेलं. तो गेला त्याच आठवड्यात पार्बताबाईनं आपलं सगळ्यात लाडकं वांगं सोडलं. कुलदीप येईल, आपल्या हातानं वाढेल, तेव्हाच खायचं. आणि त्याला सांगायचं नाही, मागायचंही नाही. फोनवर त्याच्याही कानावर गेलं ते एवढंच, की आत्याला आताशा वांगं बाधतं.

अन् यंदा तो आला! अकोल्याच्या कृषी विद्यापीठात त्याचं व्याख्यान होतं. त्यातून एक दिवस काढून नांदगावला आला. संध्याकाळी परत निघायचं होतं. पार्बताबाईनं शेतात आंब्याखाली पंगत मांडली. कुलदीप स्वतः भाजीची बादली घेऊन वाढायला निघाला, तशी तिनं पानात भाजीची जागा मोकळी केली.

तिच्या पानाशी तो थांबला. अन् त्यानं बादली मागे ओढली.

"आत्याच्या पानाले ही पळी नका लावू कोनी. आमच्या जुईलीले शेंगदाणे असेच बाधतात. एवढासा कण गेला तरी दवाखाना!"

हात धुऊन त्यानं वेगळ्या वाटीत वरण आणून ठेवलं.

शेजारचे रामराव म्हणाले, "बाई, भाच्यानं त डाक्टरच बसवला तुमच्या पानावर!"

पंगत हसली. पार्बताबाई वरणाकडे पाहत राहिली. मागितलं तर नवस मोडला. गप्प बसलं तर हा पुन्हा कधी येणार, अन् तोवर आपण असणार का? तिनं पान पुढे सरकवलं.

"कुलदीप, भाजी वाढ."

"आत्या, तुले बाधते न!"

"कोन सांगतलं? तुह्यासाठी सोडलं होतं. तू येशीन, वाढशीन, तवा खाईन म्हनून."

पंगतीतले हात थांबले. कुलदीप मातीतच बसला.

"मंग फोनवर काहून नाई सांगतलं? मी आलो असतो."

"म्हनूनच नाई सांगतलं. तू माह्या नवसासाठी आला असता. मले तू तुह्या मनानं आलेला पायजे होता."

त्यानं दोन वांगी अलगद तिच्या पानात ठेवली. तिनं डोळे मिटून, सावकाश, दोन्ही संपवली.

"आता पुढल्या खेपेसाठी काय सोडू रे? चहा सोडू का?"

"आत्या!" त्यानं तिचा उष्टा हातच धरला. "काहीच नको सोडू. दर वर्षी येतो."

"दर वर्षी म्हनू नको, खोटा पडशीन. जमन तवा ये. अन् पोरीले घेऊन ये."

मग रामरावांकडे वळून ती कडाडली, "तुमी काय पाहून राहिले? रोडगे निवून राहिले, जेवा!"