गावना आणि गावठी

आजवर मी पुष्कळ लिहिलं, पुष्कळ छापलं — पण ही एक गोष्ट कागदावर येऊ दिली नाही. आईला सांगितली नाही, छापखान्यातल्या सोबत्यांनाही नाही. तुम्हाला सांगतो.

तालुक्याच्या प्रदर्शनात कुत्र्यांचा जो निवाडा झाला, त्यावरचं माझं पत्रक तुम्ही वाचलं असेल. त्यातला राग खोटा नव्हता. थंड मुलखातल्या कुत्र्यांची मापं तापीकाठच्या कुत्र्याला का लावायची? कान लोंबतेच हवेत, अंग भरलेलंच हवं — हे कोणी ठरवलं? सशामागे धावणाऱ्या कुत्र्याच्या बरगड्या दिसणार नाहीत तर काय? गिरणीवाल्या शेटच्या गुबगुबीत कुत्र्याला पहिला नंबर मिळाला. आमच्या ब्राह्मणपुरीच्या इस्माईलचाचा पिंजाऱ्याचा हरण्या मात्र न तपासताच बाद. हा कुठला न्याय — असं मी विचारलं होतं.

प्रश्न बरोबर होता. पण हरण्याला बाद केलं कोणी?

त्या वर्षी पिसाळलेल्या कुत्र्यांचा बोभाटा झाला होता. गावठी कुत्री विष घालून मारायचा हुकूम निघाला होता. शुद्ध जातीच्या कुत्र्याला प्रदर्शनात पितळी बिल्ला मिळणार होता, आणि बिल्ला असलेल्याला कोणी हात लावणार नव्हतं. चाचा बक्षिसासाठी आलेच नव्हते. त्यांना फक्त बिल्ला हवा होता.

परीक्षक गोरा साहेब. मी त्याचा दुभाषी — मालकाला जात विचारायची, रकान्यात भरायची. हरण्या पुढे आला तसा मागून कोणी म्हणालं, "पिंजाराना कुत्राबी पिंजी टाकेल शे." कापसासारखा पिंजून बारीक केलेला कुत्रा — लोक हसले. चाचाही हसले. मी जात विचारली.

"हाऊ आमना गावना शे, भाऊ. याना आजा-पणजाबी आमनाच गावना."

आमच्या गावचा, पिढ्यान्‌पिढ्यांचा — यापेक्षा शुद्ध जात ती कोणती? मला ते कळलं नाही, असं म्हणू? माझी आई घरात हेच बोलते. मीही हेच बोलत वाढलो. पण धुळ्याला शिकून आल्यापासून मी अहिराणी तोंडातून काढून टाकली होती. साहेबाशेजारी बसलेल्या वकील मंडळींना मी पुण्याकडचा वाटत होतो — आणि मला ते आवडत होतं. 'गावना' म्हणजे काय हे समजावलं असतं, तर ही बोली मला कशी येते, हेही उघड झालं असतं.

मी रकान्यात लिहिलं — गावठी.

साहेबाने विचारलं, नक्की? मी हो म्हटलं. त्याने माप काढलंच नाही. चाचा बिल्ल्यासाठी हात पुढे करून उभे होते. शेवटी शिपायाने त्यांना बाजूला घेतलं.

आठव्या दिवशी विषाची भाकरी खाऊन हरण्या मेला.

मग मी पत्रक लिहिलं. साहेबावर तुटून पडलो. रकान्याबद्दल लिहिलं, तो भरणाऱ्या हाताबद्दल नाही. लोकांनी पाठ थोपटली. एका दुपारी चाचा स्वतः आले. त्यांना वाचता येत नव्हतं, कोणीतरी वाचून दाखवलं होतं.

"साहेबले कोन बोलस, भाऊ? तुम्ही बोलनात. मन्हा हरण्याकरता बोलनात."

मी जागचा उठलो नाही. "माझं कामच आहे ते, चाचा," म्हणालो — आणि ते आभार ठेवून घेतले.