अप्पांची पिवळी रेघ

नांदेडहून अप्पांच्या लेकाचा, मन्मथचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. "ताई, अप्पा गेले," एवढंच तो म्हणाला. सहा आठवडे झाले आता. खरं सांगते, त्या क्षणी मला रडू आलं नाही. मला भीती वाटली. आता वर कोण बघणार, हेच मनात आलं...

अप्पा घाबरट होते. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात, पण ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे, "मी लई भित्रा माणूस हाय." निलंग्याकडच्या त्यांच्या गावातलं घर भूकंपात पडलं आणि धाकटी बहीण त्याखाली गेली. तेव्हापासून ते कुणाकडे गेले की आधी छताकडे बघायचे, मग यजमानाकडे, आणि बसायचे दाराजवळ. त्यांची बायको, आमच्या काकू, चिडवायच्या, "पाव्हणे इचारतेत, वर पाल हाय का म्हणून!" अप्पाही हसायचे. पण दाराजवळची जागा काही सोडायचे नाहीत.

लातूरच्या एमआयडीसीत त्यांचं छोटं वर्कशॉप होतं. नट आवळायची विजेवरची यंत्रं ते दुरुस्त करायचे. सगळे त्या यंत्राला गन म्हणत. मी तेव्हा शेजारच्या गल्लीत संगणकाचे वर्ग घ्यायचे. एक दिवस अप्पा दारात उभे. "माय, गन किती जोरानं आवळती, ते तुझ्या डब्ब्यात दिसंल का?" दिसेल, मी म्हणाले, आणि चार महिने स्वतःचं डोकं खाल्लं! शेवटी जमलं. टेबलावर गन बसवायची, तिने बोल्ट आवळायचा, खालचा सेन्सर तो पिळाचा जोर मोजणार आणि आकडा पडद्यावर येणार. जोर पुरेसा असला की हिरवा, कमी पडला की लाल. अप्पा पेढे घेऊन आले. पण बोल्टवर हाताचा पाना लावून बघायचं काही त्यांनी सोडलं नाही. बरोबर आवळलेल्या नटावरून खालच्या पट्टीपर्यंत ते पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायचे. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, नट फिरला.

एक अडचण होती. दिवसातून दोन-तीनदा लाईट जायची आणि केलेलं काम पुसलं जायचं. मी हुशारी केली. लाईट आली की शेवटचा आकडा आपोआप परत दिसेल, अशी सोय करून ठेवली. केवढी मिरवले होते मी त्या सोयीवर!

ते दिवस क्लासेसचे. गावोगावची पोरं लातुरात येत होती, हदगावची, नायगावची, कुठकुठली. खोल्या पुरेनात, तेव्हा लोक गच्चीवर लोखंडी हॉल उभे करू लागले. अशाच एका हॉलच्या ठेकेदाराच्या दोन गन आमच्याकडे तपासून गेल्या होत्या. पंधरा दिवसांनी अप्पा वही घेऊन माझ्याकडे आले. चेहरा पांढराफटक.

"माय, ह्या दोन्ही गनचा आकडा बघ. दशांशापर्यंत सारखा. जुळ्या पोरांचे मार्क बी इतके सारखे येत न्हाईत."

त्या दिवशी यंत्रापाशी मीच बसले होते. पहिली गन झाली, दुसरी लावली आणि लाईट गेली. आली तेव्हा पडद्यावर हिरवा आकडा होता. मी तो दुसरीचाच समजून तिच्या नावावर टाकला. दुसरी गन तपासलीच गेली नव्हती! आणि तिनेच आवळलेल्या बोल्टांखाली आता रोज दीडशे पोरं बसत होती...

पुढचं लिहिताना आजही लाज वाटते. मी म्हणाले, "अप्पा, रविवारी सुट्टी असते. गुपचूप जाऊन बघू या. आत्ता बोभाटा झाला तर मला कोण काम देईल?"

अप्पा रागावले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या घरी बी आढ्याचं काम रविवारी करायचं ठरलं व्हतं."

आम्ही तसेच निघालो. क्लासचे सर ऐकेनात. परीक्षा तोंडावर आली होती, त्यांचंही खरंच होतं. अप्पा हॉलच्या दारात उभे राहिले, पाय लटलट कापत होते, पण आवाज खणखणीत. "पोरं खाली उतरवा. मंग मला काय बोलायचं ते बोला."

पोरं उतरली. अप्पा शिडीवर चढले, मी खाली शिडी धरून. त्यांनी पहिल्या नटाला पाना लावला आणि नट सहज फिरला, बाटलीचं झाकण फिरावं तसा. संध्याकाळपर्यंत त्यांनी एकेक नट हाताने आवळला, एकेकावर पिवळी रेघ ओढली. खाली उतरले आणि पायरीवर बसून ढसाढसा रडले. त्या रात्री मी ती सोय काढून टाकली.

पुढे ते लेकाकडे नांदेडला राहायला गेले. दिवाळीत भेटले तेव्हा खाटेवर होते, खाट दाराजवळच. माझा हात धरून विचारलं, "लाईट आल्यावर आता काय दाखवतंय गं?"

"कोरं दाखवतंय अप्पा. परत तपासा म्हणतंय."

"हां," म्हणाले, आणि डोळे मिटले.

परवा माझ्या भाचीला त्याच क्लासमध्ये घातलं. तिला सोडायला गेले. तोच हॉल, पोरं खच्चून भरलेली. मी वर बघितलं. सगळ्या लोखंडाला नवा निळा रंग दिलेला, नटांनासुद्धा. एकही पिवळी रेघ दिसेना. त्या तुटल्यात की शाबूत आहेत, कसं कळणार? मनात आलं, रविवारी येऊन बघू...

मन्मथने दिवसकार्य झाल्यावर अप्पांचा पाना मला दिला होता. तेव्हापासून तो माझ्या पिशवीतच असतो. मी पिशवीत हात घातला. मूठ गुळगुळीत झालेली आहे त्याची. पाय लटलट कापत होते.

"सर," मी म्हणाले, "पोरं खाली उतरवा."