माईकवर दिलेला मान

“मॅडम, नवरीच्या मामाला स्टेजवर बोलवायचं नाही. माईकवर नावसुद्धा घ्यायचं नाही,” नानासाहेब म्हणाले.

मंडप निम्मा भरला होता. नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या पाया पडायला गेला होता. मी माईक हातात घेऊन ‘हॅलो, हॅलो’ करत होते, ती थांबले.

मी लग्नात निवेदन करते. हल्ली त्याला अँकरिंग म्हणतात. कोण आलं ते सांगायचं, एकेकाला सत्काराला बोलवायचं, एखाद्याचं आशीर्वादाचं भाषण लांबलं तर गोड बोलून त्याला खाली बसवायचं. गंगाखेडपासून परभणीपर्यंत मला ‘माईकवाल्या मॅडम’ म्हणून ओळखतात. घरात माझं कुणी ऐकत नाही, पण मंडपात हजार माणसं ऐकतात.

आमच्याकडच्या लग्नात माणसाची पत सत्कारावरून कळते. फेटा, शाल आणि नारळ म्हणजे मोठा माणूस. टॉवेल-टोपी म्हणजे मधला. नुसता नारळ मिळाला की तो माणूस न जेवता एसटी धरतो. कुणाला काय आणि कुणाच्या आधी, याला आम्ही प्रोटोकॉल म्हणतो. मंगलाष्टक चुकलं तर चालतं, प्रोटोकॉल चुकला तर पुढच्या पिढीपर्यंत रुसवा राहतो.

नानासाहेब हे नवरदेवाचे मामा. दोन शाळांचे संस्थाचालक, कडक इस्त्रीचे कपडे, मागेपुढे माणसं. भाच्याला त्यांनीच शिकवून इंजिनिअर केलेला, त्यामुळे लग्नात शब्द त्यांचाच. नवरी कावेरी, झरी गावाच्या पलीकडच्या वस्तीवरची. सरकारी दवाखान्यात नर्स. बाप लहानपणीच गेला. तिला वाढवली ती मामानं, सोपानमामानं, मेंढरांमागं फिरून.

“पण नानासाहेब, नवरीला मंडपात मामाच घेऊन येतो. लग्न लागताना तिच्या मागं तोच उभा राहतो,” मी म्हणाले.

“तेच तर सांगतोय. तिच्या मागं तो आणि पोराच्या मागं मी. आमदारसाहेब समोर बसणार, व्हिडिओ निघणार. खांद्यावर घोंगडी टाकलेल्या माणसाच्या शेजारी मी उभा राहू? आमच्या घराण्याला नाव आहे, मॅडम. नवरीकडचे एक नातेवाईक बँकेत मॅनेजर आहेत. कोट घालून आलेत. मामा म्हणून त्यांना बोलवा.”

गंमत अशी की दोन्ही घरं एकाच जातीची, एकाच धंद्यातली. नानासाहेबांच्या वडिलांनी जन्मभर मेंढरं राखली हे अख्ख्या तालुक्याला माहीत होतं. फक्त नानासाहेबांच्या लक्षात राहिलं नव्हतं.

मला राग लवकर येतो. पण या धंद्यात राग आला की आधी हसायचं असतं. मी हसून “बघते” म्हणाले आणि नवरीच्या खोलीकडं निघाले, कारण तिथून बोलावणं आलं होतं.

कावेरीला सगळं कळलं होतं. शालू नेसून, मुंडावळ्या बांधून ती ताठ बसली होती. रडत नव्हती. रडणाऱ्या नवरीला समजावता येतं, ही तशी नव्हती.

“मॅडम, मामा न्यायला आले तर मी येते. न्हाई आले तर मी हितून उठत न्हाई. पोखर्णीच्या नरसिंहाला सांगून आलेय मी.”

“लग्न मोडेल, बाई.”

“मोडू द्या. ज्या माणसानं मला खांद्यावर बसवून शाळंत नेलं, त्याला मागं ठेवून मी पुढं कशी येऊ?”

मी मामांना शोधायला गेले. ते मंडपाच्या मागं, स्वयंपाकाच्या बाजूला लिंबाखाली बसले होते. नवं कोरं धोतर, डोक्याला काही नाही, खांद्यावर घोंगडी. कुणीतरी त्यांना “इथंच बसा” म्हणून सांगून गेलं होतं आणि ते बसले होते.

“मामा, चला पुढं.”

“नको मॅडम. मोठ्या घरची सोयरीक हाय. पोरगी सुखात जायलीय, आजून काय पायजे? मी हितूनच अक्षदा टाकतो. तुमी तेवढं लगीन लागू द्या.”

त्यांच्या मुठीत अक्षता होत्या. हात घट्ट मिटलेला. मला भरून आलं, आणि त्याहून जास्त संताप आला.

आता काय करायचं? नानासाहेबांशी वाद घातला असता तर त्यांनी दुसऱ्या कुणाच्या हाती माईक दिला असता. कावेरी खोलीतच बसली असती. लोक म्हणाले असते, मुलगी हट्टी. नाव तिचंच खराब झालं असतं, कारण अशा वेळी ते नेहमी मुलीचंच होतं. मामांना तर मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं.

तेवढ्यात घोडा परत आला, आणि त्याच्या मागोमाग आमदारसाहेबांची गाडी. मंडप उठून उभा राहिला. नानासाहेबांनी मला खूण केली, सुरू करा. फेट्यांचं तबक स्टेजवर आलं. पहिला फेटा साहेबांचा, हा प्रोटोकॉल.

मी माईक तोंडाजवळ घेतला.

“मंडळी, शांत व्हा. दोन्ही शाळांचे अध्यक्ष, नवरदेवाचे मामा, आदरणीय नानासाहेब यांनी मघाशी मला एक गोष्ट सांगितली. ती ऐकून मी थक्क झाले. ते म्हणाले, आज पहिला फेटा कुठल्याही पुढाऱ्याचा नाही. बिनबापाच्या पोरीला ज्यांनी नर्स केलं, त्या सोपानमामांना तो फेटा मी माझ्या हातानं बांधणार, आणि मगच माझ्या भाच्याचं लग्न लागणार. अशी माणसं आहेत म्हणून समाज उभा आहे. नानासाहेबांसाठी जोरदार टाळ्या!”

यातलं एक अक्षर नानासाहेब बोलले नव्हते.

सगळ्यात आधी टाळ्या साहेबांनी वाजवल्या. कुठं टाळी वाजवायची हे पुढाऱ्याला शिकवावं लागत नाही. मग सगळा मंडप उसळला. बायका उठून मागं बघायला लागल्या. चार जणांनी लिंबाखालून मामांना जवळजवळ उचलूनच आणलं. बँकेचे मॅनेजर कोटाचं बटण लावून उठले होते, ते हळूच खाली बसले.

नानासाहेबांची अवस्था धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय अशी झाली. नाही म्हणावं तर आत्ताच मिळालेला मोठेपणा साहेबांसमोर परत करावा लागणार. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की पुन्हा गंगाखेडात माईक मिळणार नाही हे मला कळलं. पण त्यांनी तबकातला फेटा उचलला.

आणि मग असं काही झालं, जे मी ठरवलं नव्हतं. लग्नात फेटे बांधायला वेगळा माणूस असतो. तो पुढं आला, तर नानासाहेबांनी त्याला हातानंच थांबवलं. त्यांनी कापडाला पीळ दिला, टोक मामांच्या हातात धरायला दिलं आणि भराभर वेढे दिले. फोटोपुरता सैल फेटा नव्हे. उन्हावाऱ्यात दिवसभर न सुटणारा, रानात बांधतात तसा.

मामा मान न हलवता हळूच म्हणाले, “नाना, हात इसरला न्हाई तुमचा.”

नानासाहेबांनी फेट्याचं टोक खोचलं. “इसरल कसा? बानं शिकवलंय,” ते म्हणाले. संस्थाचालकांच्या तोंडून अशी भाषा मी पहिल्यांदाच ऐकली. माईक जवळच होता, त्यामुळे ती सगळ्या मंडपानं ऐकली.

मामा फेटा बांधून, घोंगडी खांद्यावर तशीच ठेवून नवरीच्या खोलीकडं गेले. मी घोषणा केली, “नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन यावं.” ही ओळ मी आजवर प्रत्येक लग्नात म्हटली आहे. त्या दिवशी मुद्दाम दोनदा म्हटली. कावेरी मामाचा हात धरून आली. लग्न लागलं तेव्हा दोन्ही मामा मागं शेजारी शेजारी उभे होते, आणि नवरदेवानं हार घातल्याबरोबर वाकून आधी सोपानमामांचे पाय धरले.

जेवणाच्या वेळी नानासाहेब माझ्या ताटासमोर येऊन उभे राहिले. मी घास खाली ठेवला.

“मॅडम, ते सगळं मी कधी म्हणालो होतो?”

“म्हणणारच होतात. मी जरा आधी सांगितलं.”

मागून तीनचार जण येऊन त्यांच्या पाया पडून गेले. “नाना, आज मन जिंकलंत,” म्हणून गेले. साहेबांनीही भाषणात त्यांचंच कौतुक केलं होतं.

“पुढच्या वर्षी माझ्या मुलीचं लग्न आहे,” शेवटी ते म्हणाले. “माईक तुमच्याकडं. फक्त मी काय म्हणालो ते आदल्या दिवशी मला कळवा.”

इतकी लग्नं लावून मी एवढंच शिकले. मोठ्या माणसाला चांगलं वागा म्हणून सांगू नये, तो ऐकत नाही. तो चांगला वागला असं जाहीर करून टाकावं आणि बाजूला उभं राहावं.